संकेतस्थळ उभारण्यापूर्वी : डिझायनर नेमण्याआधी कागदावर काय असावे?

एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत, देवस्थान समितीत किंवा घरगुती व्यवसायात ‘आता आपले संकेतस्थळ हवे’ असा विषय निघाला, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कोणाच्या ओळखीत डिझायनर आहे का? ओळखीतला एक होतकरू तरुण सापडतो, आगाऊ रक्कम दिली जाते आणि वर्धापनदिनी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबून उद्घाटन होते. दोन वर्षांनंतरही संकेतस्थळावर त्याच उद्घाटनाची छायाचित्रे ‘ताज्या घडामोडी’ म्हणून झळकत असतात. तिसऱ्या वर्षी पत्ता उघडतच नाही. चौकशी केल्यावर कळते, की डिझायनर नोकरीनिमित्त परगावी गेला, त्याचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि संस्थेचे नाव त्याच्या खात्यावर नोंदलेले होते.

यात डिझायनरचा दोष असतोच असे नाही. संस्थेने स्वतः घ्यायचे निर्णय तिने घेतले नाहीत म्हणून ते त्याने आपल्या सोयीने घेतले, एवढेच घडलेले असते. संकेतस्थळ ही संस्थेची मालमत्ता आहे. इमारत बांधताना जागेचा उतारा, नकाशा आणि करारनामा संस्थेच्या कपाटात असतो; संकेतस्थळाच्या बाबतीतही तेवढीच दक्षता लागते. गोवा, बेळगाव परिसर, वडोदरा, इंदूर अशा ठिकाणच्या मराठी संस्था आणि लहान व्यावसायिक यांनी डिझायनरशी पहिली बैठक घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी लिहून काढाव्यात, याचा हा क्रमवार आढावा. विवेचनासाठी तालुक्याच्या ठिकाणचे एक वाचनालय उदाहरणादाखल घेतले आहे. चार खोल्यांचे होमस्टे किंवा काजूविक्रीचे दुकान चालवणाऱ्यालाही बहुतेक मुद्दे जसेच्या तसे लागू पडतात.

मूळ अडचण जुनीच

माणसे बदलली की माहिती हरवते, ही अडचण ‘वर्ल्ड वाइड वेब’च्या जन्माच्या मुळाशीच आहे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांना एक प्रस्ताव सादर केला. केंद्रात येणारे अनेक संशोधक दोनेक वर्षे राहून निघून जातात आणि त्यांच्याबरोबर कामाची माहितीही जाते, हे त्यात मांडले होते. एकमेकांना दुव्यांनी जोडलेल्या पानांची कल्पना त्यावरचा उपाय म्हणून पुढे आली. दर काही वर्षांनी कार्यकारिणी बदलणाऱ्या संस्थेची स्थिती याहून फार वेगळी नसते. म्हणून संकेतस्थळाचे नियोजन करताना प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावावी : आजचे सचिव आणि आजचा डिझायनर दोघेही नसतील, तेव्हा हे काम चालू राहील का?

हेतू एका वाक्यात

पहिला कागद हेतूचा. ‘संस्थेची माहिती जगापर्यंत पोहोचवणे’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्यावरून एकही पान आखता येत नाही. त्याऐवजी संकेतस्थळ पाहिल्यानंतर माणसाने नेमके काय करावे, हे लिहावे. वाचनालयाच्या बाबतीत ते असे असू शकेल : नव्या सभासदाने वर्गणी व वेळ पाहून नोंदणीसाठी यावे, जुन्या सभासदाला हवे ते पुस्तक उपलब्ध आहे का, हे घरबसल्या कळावे, परगावच्या अभ्यासकाला दुर्मीळ संग्रहाची यादी मिळावी. होमस्टेच्या बाबतीत हेतू एकच असतो. पाहुण्याने खोल्या पाहून, दर समजून घेऊन थेट मालकाशी संपर्क साधावा आणि मध्यस्थाचे दलाली शुल्क वाचावे.

असे तीन-चार हेतू लिहून त्यांना क्रम द्यावा. मुखपृष्ठावर कोणत्या गोष्टीला वरची जागा मिळणार, हा वाद पुढे हटकून उद्भवतो. अध्यक्षांचे मनोगत वर की वाचनालयाची वेळ वर, याचे उत्तर या क्रमातून मिळते.

हेतू लिहिताना कधी असेही लक्षात येते, की संकेतस्थळाची गरजच नाही. केवळ पत्ता, वेळ, दूरध्वनी आणि चार छायाचित्रे द्यायची असतील, तर गूगलच्या नकाशावर व्यवसायाची विनामूल्य नोंद करणे पुरेसे ठरते. सभासदांना कार्यक्रमाची सूचना द्यायची असेल, तर व्हॉट्सॲपचा गट ते काम करतो. मात्र पुस्तकांची यादी, संस्थेचा इतिहास, जुन्या स्मरणिका, अहवाल असा टिकून राहावा असा आणि शोधता यावा असा मजकूर असेल, तर स्वतःच्या संकेतस्थळाला पर्याय नाही. समाजमाध्यमावरील पान दुसऱ्याच्या जागेवर उभे असते आणि तिथले नियम जागामालक ठरवतो.

वाचक कोण, भाषा कोणती

दुसरा कागद वाचकांचा. महानगरातील डिझायनरला हा प्रश्न सुचत नाही. लहान राज्यात आणि सीमाभागात तो पहिलाच असतो. गोव्यातील वाचनालयाचा सभासद मराठीत वाचतो, कोकणीत बोलतो आणि भ्रमणध्वनीवर इंग्रजीत शोध घेतो. बेळगावात कन्नड, वडोदऱ्यात गुजराती आणि इंदुरात हिंदी वाचणारा शेजारीही दारात येतो. सर्व पाने सर्व भाषांत करण्याचा संकल्प सोडणे सोपे, निभावणे कठीण. प्रत्येक भाषा म्हणजे दर दुरुस्तीच्या वेळी एक वाढीव काम. त्यामुळे कोणती पाने कोणत्या भाषेत, हे ठरवून घ्यावे. उदाहरणार्थ, संपूर्ण संकेतस्थळ मराठीत. परिचय, पत्ता, वेळ व नोंदणी यांचे एकेक पान इंग्रजीत आणि आवश्यक तेथे स्थानिक भाषेत. यांत्रिक भाषांतराची सोय डिझायनर सुचवील, परंतु त्यातून आलेला मजकूर भाषा जाणणाऱ्या माणसाने वाचल्याखेरीज प्रसिद्ध करू नये.

देवनागरीच्या मांडणीसाठी तीन अटी मागणीतच लिहाव्यात. एक, सर्व मजकूर युनिकोडमध्ये असावा. दोन, प्रत्येक पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण पानाच्या अंतर्गत रचनेत द्यावी. पान वाचून दाखवणारी यंत्रणा त्या खुणेवरून उच्चार ठरवते आणि काही फाँटमध्ये त्यामुळेच मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ उमटतो. तीन, निवडलेल्या फाँटची चाचणी मराठी शब्दांवर घ्यावी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी लिहून पाहावेत. त्यांत फरक दिसत नसेल किंवा अक्षरे तुटत असतील, तर तो फाँट मराठीच्या कामाचा नाही. ‘ॲ’, ‘ळ’ आणि जोडाक्षरेही याच वेळी तपासून घ्यावीत.

मजकूर आधी, सजावट नंतर

संकेतस्थळे रखडतात ती मुख्यतः मजकुराअभावी. डिझायनर रचना करून बसतो आणि संस्थेकडून ‘इतिहास पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असे उत्तर महिनोन्महिने मिळत राहते. म्हणून पानांची यादी आधी करावी. वाचनालयासाठी मुखपृष्ठ, परिचय व इतिहास, ग्रंथसंग्रह, सभासदत्व, उपक्रम, प्रकाशने व अहवाल, संपर्क अशी सात-आठ पाने सुरुवातीला पुरतात. प्रत्येक पानासमोर चार रकाने आखावेत : मजकूर कोण लिहिणार, कोणत्या तारखेपर्यंत, छायाचित्रे कोणती आणि पुढे ते पान अद्ययावत कोण ठेवणार. चौथा रकाना रिकामा राहत असेल, तर ते पान तूर्त वगळलेले बरे. ‘ताज्या घडामोडी’ या सदराबाबत विशेष सावधगिरी बाळगावी; महिन्यातून एकदाही नवी नोंद होणार नसेल, तर ते सदर संस्था निद्रिस्त असल्याचीच जाहिरात करते.

जुन्या मराठी संस्थांकडे स्मरणिका व अहवालांचा मोठा साठा असतो. मुद्रणालयाने त्या काळी श्री-लिपीसारख्या पद्धतीत अक्षरजुळणी केलेली असते. त्या फाइली संकेतस्थळावर थेट चिकटवल्या, तर अगम्य चिन्हांची रांग दिसते, कारण त्यांतील अक्षरे युनिकोडमध्ये नसतात. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे यांत चुका उरतात, म्हणून मुद्रितशोधन अटळ आहे. हे काम कोणी करायचे, किती पानांचे आणि त्याचा मोबदला वेगळा की मूळ रकमेत, हे आधीच ठरवावे. पाने केवळ स्कॅन करून ठेवली, तर ती दिसतात, पण त्यांतला शब्द शोधून सापडत नाही.

जुना मजकूर प्रसिद्ध करताना हक्कांचा विचारही करावा लागतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचे संरक्षण त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. स्मरणिकेसाठी कोणी कविता किंवा लेख दिला होता, म्हणजे तो इंटरनेटवर ठेवण्याची परवानगी दिली होती, असे गृहीत धरता येत नाही. लेखकाकडून वा वारसांकडून दोन ओळींची लेखी संमती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. शोधयंत्रावर सापडलेली छायाचित्रे उचलून वापरण्याचा मोहही टाळावा.

नाव कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा घटक. ते विकत मिळत नाही. ठराविक मुदतीसाठी, साधारणतः १ ते १० वर्षांसाठी, नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट इन’ची नोंदणी व्यवस्था ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. प्रत्यक्ष नोंदणी मान्यताप्राप्त रजिस्ट्रारमार्फत होते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही सोय मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी सुरू झाली. त्यामुळे संपूर्ण देवनागरीतही पत्ता घेता येतो. मात्र काही ठिकाणी ई-मेल वा अर्ज भरताना असा पत्ता स्वीकारला जात नाही, हे ध्यानात घेऊन रोमन लिपीतील पत्ता मुख्य आणि देवनागरीतील जोडीला, अशी व्यवस्था ठेवणे सोयीचे.

नाव निवडताना मराठी शब्दांच्या रोमन लेखनाचा घोळ आधीच मिटवावा. ‘वाचनालय’ लिहिताना आरंभी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘आ’साठी एक ‘ए’ की दोन, याविषयी दहा जणांची दहा मते असतात. निवडलेले नाव दूरध्वनीवरून तीन वेगवेगळ्या माणसांना एकदाच सांगून लिहायला लावावे. तिघांनी सारखे लिहिले, तर नाव चांगले. गावाचे नाव पत्त्यात घालतानाही विचार करावा. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. पणजी, म्हापसा, मडगाव यांची रोमन लेखनेही एकाहून अधिक आहेत. शक्यतो छोटे, गावाच्या लेखनभेदापासून मुक्त नाव घ्यावे.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. डोमेनची नोंदणी संस्थेने स्वतः करावी. नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव, संस्थेचा पत्ता आणि संस्थेच्या पदाचा ई-मेल द्यावा. सचिवांचा खासगी ई-मेल नको आणि डिझायनरचा तर नकोच. कारण व्यवहारातले आहे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ यांसारख्या नावांच्या बाबतीत मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी स्मरणपत्र पाठवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. ते नोंदलेल्या ई-मेलवर जाते. तो ई-मेल माजी सचिवांचा असेल, तर स्मरणपत्र येऊनही कोणालाच कळत नाही. मुदत संपल्यानंतर काही काळ नाव जादा शुल्क भरून सोडवून घेता येते. तो काळही उलटला, की ते कोणालाही नोंदवता येते. सोडून दिलेली नावे हेरून त्यांवर जुगाराच्या जाहिराती लावणारे टपलेलेच असतात. शंभरी गाठलेल्या संस्थेच्या नावावर असे पान उघडणे किती लाजिरवाणे, हे वेगळे सांगायला नको.

नाव नोंदवताना ई-मेलची तजवीजही करून घ्यावी, कारण पदाचा ई-मेल पुढच्या सचिवाकडे सोपवता येतो. फक्त एक खबरदारी घ्यावी. डोमेनच्या खात्यासाठी त्याच डोमेनवरचा ई-मेल देऊ नये. नाव बंद पडले, तर तो ई-मेलही बंद पडेल आणि खात्यात शिरण्याचा मार्गच उरणार नाही.

जागा, सुरक्षितता आणि प्रती

डोमेन हा पत्ता, तर होस्टिंग ही जागा. दोन्ही एकाच कंपनीकडून घ्यावे लागते, असा समज आहे. तसे बंधन नाही. होस्टिंगचे खाते संस्थेच्या नावावर असावे आणि डिझायनरला त्यात काम करण्यापुरता वेगळा प्रवेश द्यावा. काम संपल्यावर तो काढून घेता येतो. वाचनालयासारख्या संकेतस्थळाला मोठ्या जागेची गरज नसते. ‘अमर्याद’ या विशेषणाला भुलून महागडी योजना घेऊ नये. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत बरेच अंतर असते. दुसरा आकडा आधी विचारावा.

पत्त्याच्या आरंभी कुलपाचे चिन्ह दाखवणारे सुरक्षा प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते नसलेल्या संकेतस्थळांना क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा शेरा देतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या ना-नफा सेवेमुळे हे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, त्यासाठी मोठी रक्कम मागितली गेल्यास कारण विचारावे. संकेतस्थळाची संपूर्ण प्रत ठराविक काळाने घेतली जावी आणि तिची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर असावी. त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करता येते का, हे काम हाती घेताना एकदा करून दाखवण्याची अट घालावी.

कोणत्या प्रणालीवर काम होणार, हेही विचारून घ्यावे. २००३ पासून उपलब्ध असलेली वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली वापरली, तर उद्या दुसरा डिझायनर सहज सापडतो. कोणा एकाने स्वतःपुरती बनवलेली प्रणाली कितीही सुबक असली, तरी तिच्या दुरुस्तीची किल्ली त्याच्याकडेच राहते. मुक्त प्रणालीतही नियमित सुधारणा बसवाव्या लागतात, अन्यथा घुसखोरीचा धोका वाढतो. हे काम वार्षिक देखभालीत धरावे.

हातातल्या पडद्यासाठी

कार्यकारिणीपुढे नमुना मोठ्या पडद्यावर दाखवला जातो. वाचक मात्र तो भ्रमणध्वनीवर, बसथांब्यावर आणि अनेकदा अधूऱ्या नेटवर्कवर उघडतो. गूगलचे शोधयंत्रही आता संकेतस्थळाची भ्रमणध्वनीवरील आवृत्ती प्रमाण मानते. म्हणून नमुन्याची पाहणी साध्या, जुन्या भ्रमणध्वनीवर आणि जिथे नेटवर्क क्षीण आहे अशा जागी करावी. फोनवर काढलेले एकेक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचे असते. आकार कमी न करता अशी दहा छायाचित्रे मुखपृष्ठावर टाकली, की पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो.

ज्येष्ठ सभासद आणि दृष्टिबाधित वाचक यांचा विचार सुरुवातीलाच करावा. नंतर केल्यास दुप्पट खर्च होतो. ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. आपल्याकडे आवडीने वापरली जाणारी पांढऱ्यावरील केशरी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत. छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडावे आणि महत्त्वाची सूचना केवळ चित्राच्या रूपात देऊ नये. कार्यक्रमाची पत्रिका चित्र म्हणून टाकली, तर तीतील तारीख शोधयंत्राला वाचता येईलच असे नाही आणि अंध वाचकालाही ती बहुधा कळत नाही.

लोकांची माहिती घेताना

सभासद नोंदणीचा अर्ज संकेतस्थळावर ठेवला, की नाव, पत्ता, दूरध्वनी अशी वैयक्तिक माहिती संस्थेकडे जमा होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने याबाबत जबाबदारी निश्चित केली असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, याची स्पष्ट सूचना देणे त्यात अपेक्षित आहे. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्यायही माहिती देणाऱ्याला मिळायला हवा. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. बालवाचक स्पर्धेतील विजेत्यांची नावे, शाळा आणि छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. साधा नियम असा, की ज्या माहितीचा उपयोग सांगता येत नाही, ती अर्जात मागूच नये.

खर्चाचे दोन भाग

अंदाजपत्रक मांडताना एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळे लिहावेत. पहिल्या भागात रचना, मजकुराचे टंकलेखन व रूपांतर, छायाचित्रण, भाषांतर आणि प्रशिक्षण येते. दुसऱ्या भागात डोमेन, होस्टिंग, ई-मेल आणि देखभाल. देणगीदार पहिल्या भागासाठी सापडतात. दुसरा भाग संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात कायमस्वरूपी शीर्ष म्हणून यावा लागतो. डिझायनर वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत असेल, तर त्याच्या शुल्कावर १८ टक्के कर लागतो. दरपत्रकातील रक्कम करासहित की कराशिवाय, हे विचारून घ्यावे, म्हणजे ऐनवेळी ताळेबंद बिघडत नाही.

मागणीपत्र आणि करार

वरील सर्व कागद एकत्र केले, की दोन-तीन पानांचे मागणीपत्र तयार होते. त्यात हेतू, वाचक, भाषा, पानांची यादी, देवनागरीच्या अटी, आवडलेली दोन-तीन संकेतस्थळे व ती आवडण्याचे कारण, खर्चाची मर्यादा आणि अपेक्षित तारीख असावी. हेच पत्र किमान तीन डिझायनरांना द्यावे. तिघांपुढे एकच काम असल्याने दरांची तुलना खऱ्या अर्थाने करता येते. प्रत्येकाची पूर्वीची कामे पाहताना दोन वर्षांपूर्वीचे संकेतस्थळ आज कसे चालते, हे पाहावे आणि त्या ग्राहकाशी बोलावे.

करारात हक्कांचे कलम असलेच पाहिजे. पैसे दिले म्हणजे सर्व काही आपले झाले, ही समजूत कायद्याला धरून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः तिचा निर्माता असतो. नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते, परंतु बाहेरचा डिझायनर हा नोकर नसतो. त्याने लिहिलेली आज्ञावली आणि केलेली रचना संस्थेकडे यायची असेल, तर कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. त्यातही मुदत लिहिली नसेल, तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरते मानले जाते. परदेशातही दिसणाऱ्या आणि पंचवीस वर्षे टिकावे अशी इच्छा असलेल्या कामासाठी हे दोन्ही शब्द करारात हवेत. मोठी रक्कम गुंतत असेल, तर मसुदा वकिलाच्या नजरेखालून घालावा.

मोबदला टप्प्यांना जोडावा : करारावेळी काही भाग, नमुना मान्य झाल्यावर काही, मजकूर भरून झाल्यावर काही आणि शेवटचा भाग सर्व फाइली, पासवर्ड आणि वापराची मराठीतील टिपणे हाती आल्यावर. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या मूळ रकमेत, हेही लिहावे. संस्थेच्या बाजूने एकच व्यक्ती निर्णय कळवील, असे ठरवून घेतले तर दोन्ही पक्षांचा मनस्ताप वाचतो. अकरा सदस्यांनी अकरा रंग सुचवले, तर कोणताही डिझायनर चांगले काम करू शकत नाही.

कपाटातला लिफाफा

संकेतस्थळ सुरू झाल्यावर नियोजनाचा शेवटचा कागद तयार करावा. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे, कोणत्या खात्यावर, मुदत कधी संपते. होस्टिंग कोठे, शुल्क कधी भरायचे. प्रती कोठे ठेवल्या आहेत. कोणते पान कोणाच्या जबाबदारीचे, ही माहिती एका पानावर लिहावी. पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात घालून करारनाम्यासह संस्थेच्या कपाटात ठेवावेत. पासवर्ड बदलला, की लिफाफाही बदलावा. नव्या कार्यकारिणीला पदभार देताना शिक्का, धनादेशपुस्तिका आणि इतिवृत्ताची वही यांच्या यादीत या लिफाफ्याची नोंद असावी आणि नव्या सचिवाने त्याच दिवशी खात्यात शिरून पाहावे.

या साऱ्या तयारीला लहान संस्थेत महिना-दीड महिना लागतो. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. संस्था काय करते, कोणासाठी करते आणि तिच्या वस्तूंची जबाबदारी कोणाची, एवढे माहीत असावे लागते. ते जाणणारी माणसे कार्यकारिणीतच बसलेली असतात. त्यांनी एक वही घेऊन दोन-तीन बैठका केल्या, की डिझायनरकडे न्यायचे मागणीपत्र तयार होते.